अभ्याससहल गोळीबाराच्या जागी

नवं शैक्षणिक धोरण आलं, पदवीच्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट शिरला आणि इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्राच्या विभागांना दर सत्राला तोच प्रश्न पडू लागला: मुलांना न्यायचं कुठे? उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. एखादा किल्ला, एखादं लेणं, फार तर एखादं वस्तुसंग्रहालय. दुपारी जेवण, संध्याकाळी ग्रुप फोटो, आणि आठवड्याने एकमेकांच्या वहीतून उतरवलेले अहवाल. किल्ल्यांशी माझं काही वाकडं नाही. पण आंबिवली, मोहने, अटाळी, टिटवाळा या पट्ट्यातून कल्याण-ठाण्याच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांना सकाळी निघून रात्री घरी येता येईल एवढ्या अंतरावर अशा काही जागा आहेत, जिथे सरकारने माणसांवर गोळ्या चालवल्या. त्या अभ्यासाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही. तिथे कसं जावं, काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या सहीशिवाय सहल निघत नाही त्या प्राध्यापकांसाठीही.

नुसती जागा काही बोलत नाही, हे आंबिवलीच्या मुलांना वेगळं सांगायला नको. मोहन्याच्या एनआरसीला २००९ साली टाळं लागलं. बाहेरगावच्या पाहुण्याला तिथे नेऊन उभं केलं तर त्याला फक्त एक बंद पडलेला कारखाना दिसतो. ज्याचे वडील तिथे कामाला होते त्याला पाळीची वेळ, कॉलनीतली खोली, अडकलेली देणी, सगळं दिसतं. दोघांच्या डोळ्यांसमोर जागा एकच आहे. फरक आधीच्या माहितीचा आहे. गोळीबाराच्या जागीही हेच होतं. माहितीवाचून गेलेल्या मुलाला एक स्तंभ दिसतो, एक हार दिसतो, आणि दहा मिनिटांत वडापावची आठवण येते. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून पहिलं काम कॉलेजात करायचं. सहलीच्या निदान दोन आठवडे आधी वर्गाच्या हातात दोन कागद द्या, आणि ते एकमेकांशी भांडणारे असू द्या. एक गोळी चालवणाऱ्याच्या बाजूचा, दुसरा गोळी खाणाऱ्याच्या बाजूचा. जालियनवाला बागेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी डायरच्या हुकमाने १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी हिशेबात मृतांचा आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या घरात. हे दोन्ही आकडे डोक्यात घेऊन बागेत शिरलेला विद्यार्थी भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहून हळहळून थांबत नाही. मैदान केवढं, वाटा किती, विहीर कुठे, हे तो पाहू लागतो. २०२१ साली त्या बागेचं नूतनीकरण झालं, आत जायच्या अरुंद बोळात भिंतीवर शिल्पं आली, रात्री ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू झाला, आणि त्यावर इतिहासकारांनी कडक टीका केली. स्मारकही कोणीतरी ठरवून बांधलेलं असतं, पुन्हा ठरवून बदललेलं असतं. हे एकदा कळलं की मूल दगडाकडेही कागदासारखं पाहतं, शंका घेत.

आता कुठे जायचं, आणि कोणत्या क्रमाने. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी अशी जागा घ्या जिथे बंदूक परक्या सरकारची होती. तिथे मन मोकळं असतं, कोणाच्या घरात भांडण लागत नाही, पाहण्याची आणि नोंदी घेण्याची सवय लागते. त्यानंतर अशी जागा घ्या जिथे बंदूक आपल्याच सरकारची होती. खरं शिक्षण तिथे सुरू होतं. बहुतेक सहली पहिल्या टप्प्यावरच थांबतात, कारण इंग्रजाला दोष देऊन घरी परतणं सोपं असतं. संस्थाचालकही खूश, पालकही खूश.

पहिल्या टप्प्याला चिरनेर उत्तम. उरण तालुक्यातलं हे गाव. कल्याण-शीळ रस्त्याने पनवेलमार्गे बस केली तर सोयीचं पडतं. लोकलने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने पनवेल आणि पुढे रस्त्याने असंही जाता येतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मेले. सरकारी माणसंही दगावली, त्यांत मामलेदार जोशी होते. स्तंभापाशी उभं राहून हुतात्म्यांची नावं मोठ्याने वाचून घ्या आणि मग मुलांना एकच काम द्या: आडनावांवरून ही माणसं कोणत्या समाजाची, काय करून पोट भरणारी असतील, ते लिहा. पाटील, कोळी, म्हात्रे, कातकरी. नाग्या महादू कातकरी हे नाव आज रायगड-ठाण्याच्या कातकरी वाड्यांवर आदराने घेतलं जातं. जंगलातली लाकूडफाट्याची आणि चराईची बंदी ज्यांच्या चुलीवर येऊन आदळली तीच ही माणसं. पुस्तकात ‘सविनय कायदेभंगाची चळवळ’ या एका ओळीत जे येतं, ते इथे आठ घरांच्या पत्त्यांसकट समोर येतं. मामलेदार जोश्यांची आठवण गावात कुठे आहे का, असेल तर कशी, नसेल तर का नाही, हेही विचारा. हा प्रश्न मुलांना अडचणीत टाकतो. टाकू दे.

सिद्धगड आंबिवलीला याहून जवळ. कल्याणहून मुरबाड, म्हसा आणि नारिवलीकडे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पेशाने वकील. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याचा धडाका लावला. फितुरीने ठावठिकाणा कळला. दर वर्षी २ जानेवारीला तिथे अभिवादनाला गर्दी होते. तुम्ही मात्र त्या दिवशी जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नको. जयंती-पुण्यतिथीला जागा दिसत नाही, मांडव दिसतो. एखाद्या साध्या मंगळवारी जा. आणि चालायची तयारी ठेवून जा, कारण माणसं इथेच का लपली हे डोंगर चढल्याशिवाय कळत नाही.

ठाण्याचा तुरुंग स्टेशनपासून जवळ असला तरी तो आजही चालू तुरुंग आहे, लेखी परवानगीवाचून आत पाऊल टाकता येत नाही. राघोजी भांगरे यांना १८४८ साली आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी झाली. परवानगीचा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, बऱ्याच आधी. मिळाली तर जा, नाही मिळाली तर त्यासाठी सत्र अडवू नका.

दुसऱ्या टप्प्याची पहिली जागा सगळ्यांच्या पायाखालची आहे: हुतात्मा चौक. आंबिवलीहून सीएसएमटीची लोकल पकडा, शेवटच्या स्टेशनावर उतरा आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत सुटा, दहा-पंधरा मिनिटांत पोचाल. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि त्याच्या शेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळाकडे निघालेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहरभर पुन्हा गोळ्या चालल्या. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या कुठे १०५ वाचायला मिळते, कुठे १०६, कुठे १०७. हाच पहिला गृहपाठ. आकडा का हलतो? कोणाला मोजायचं, हॉस्पिटलात नंतर गेलेल्याचं काय, बेळगाव-निपाणीकडचे धरायचे की नाही, हे कोण ठरवतं? इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा म्हणजे काय ते या एका आकड्यावर शिकवता येतं.

दुसरं काम यादीचं. हुतात्म्यांची यादी घ्या आणि सावकाश वाचा. सीताराम पवार भेटतात, मारुती म्हस्के भेटतात. मग के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, सय्यद कासम, वेदीसिंग, मुनिमजी बलदेव पांडे. वर्गात एकदम शांतता होते. मराठी भाषकांच्या राज्यासाठी झालेल्या लढ्यात ही नावं कशी आली? कोणी आंदोलक होते, कोणी गिरणीतून घरी चालले होते, कोणी गॅलरीत उभे होते? उत्तर तुम्ही देऊ नका. तुमच्याजवळ असलं तरी देऊ नका. मुलांना एकेक नाव वाटून द्या आणि जुन्या वर्तमानपत्रांत, ग्रंथालयात शोधायला सांगा. बहुतेकांना फार काही सापडणार नाही. राज्य ज्यांच्या नावाने उभं राहिलं त्यांच्याबद्दल सहा-सात दशकांनी एवढंच हाती लागतं, हे कळणं हाही अभ्यासाचा निष्कर्षच, आणि अहवालात तो तसाच लिहावा.

तिसरं काम पायांचं. कारंज्यापासून महात्मा गांधी रस्त्याने काळा घोड्यावरून रीगलपर्यंत चालत जा. त्या वेळचं विधिमंडळ तिथल्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. मोर्च्याला तिथे पोचायचं होतं. ती दगडी इमारत अजून उभी आहे. आज तिच्यात राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. मी यावर मुलांपुढे कधीच भाष्य करत नाही. घड्याळ लावून अंतर चालायला सांगतो आणि इमारतीवरची पाटी वाचायला सांगतो. चालून आलेला विद्यार्थी परतताना जे प्रश्न विचारतो ते वर्गात बसून सुचत नाहीत: मोर्चा कुठे अडवला असेल, गल्ल्या कुठे फुटतात, पळायला जागा कुठे होती.

वाचनासाठी लालजी पेंडसे यांचं ‘महाराष्ट्राचे महामंथन’ आंदोलनाच्या बाजूने द्या आणि त्याच्या जोडीला मोरारजींच्या आत्मचरित्रातला त्या काळावरचा भाग. वर्गातली मराठी मुलं मोरारजींची बाजू वाचायला नाखूश असतात. जबरदस्तीने वाचून घ्या. ज्याचा राग येतो त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत नीट मांडता आलं पाहिजे; पटलं पाहिजे असं कोणी म्हणत नाही.

एक व्यावहारिक सूचना. सीएसएमटीला उतरलोच आहोत तर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची जागाही उरकू, हा मोह टाळा. तो वेगळा विषय आहे, वेगळ्या तयारीचा. एका दिवशी एकच जागा. दोन जागा केल्या की दोन्हींची यादी होते.

दुसऱ्या टप्प्याची दुसरी जागा सगळ्यांत अवघड, म्हणून सगळ्यांत महत्त्वाची: घाटकोपर पूर्वेची माता रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती. ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसं मेली, सव्वीस जखमी झाली. गोळ्या बहुतेकांना कमरेच्या वर लागल्या होत्या. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असं पोलिसांचं म्हणणं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केलं नाही आणि गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष १९९८ च्या अहवालात दिला. तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ साली जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून तो जामिनावर सुटला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात याच घटनेपाशी होते.

इथे जाणं आणि हुतात्मा चौकात जाणं यांत मूलभूत फरक आहे. चौकात कोणी राहत नाही. रमाबाई नगरात माणसं राहतात, आणि त्यांतली काही त्या सकाळी तिथे होती. तुम्ही स्मारक पाहायला आलात तरी कोणाच्या तरी दारातच उभे आहात. म्हणून आधी वस्तीतल्या एखाद्या मंडळाशी, बुद्धविहाराशी, स्थानिक कार्यकर्त्यांशी बोलून दिवस ठरवा. बस घेऊन थेट जाऊन उभं राहू नका. चाळीस मुलांचा घोळका तर नकोच. दहा-बाराच्या गटाने जा, लागलं तर चार वेळा जा. कामाच्या दिवशी दुपारी लोक घरी नसतात, रविवारी सकाळी गेलेलं बरं. ११ जुलैला जाऊ नका. तो त्यांच्या घरचा दिवस असतो. बोलावलं तर जा आणि मागे उभे राहा.

विचारायचं काय? ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ हा प्रश्न टीव्हीवाल्यांनी विचारून चोथा केला आहे. त्यापेक्षा विचारा: तेव्हा तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं? हायवेवर जायचा रस्ता कोणता होता? पुतळा तेव्हा कसा होता, आता कसा आहे? चौकशीत तुमची साक्ष झाली का? कोर्टात किती वर्षं जावं लागलं? माणूस वस्तुस्थिती सांगता सांगता स्वतःला जेवढं सांगायचं तेवढं आपोआप सांगतो, आणि जे नको ते टाळायची वाट त्याच्या हाती राहते. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा, नाव छापायची वेगळी मागा. कोणी नको म्हटलं तर का म्हणून विचारू नका. मुलाखतीबद्दल पैसे देऊ नका. चहा दिला तर प्या.

एक गोष्ट प्राध्यापकांना स्पष्टच सांगायला हवी. तुमच्या वर्गात बौद्ध विद्यार्थी असतील. अशा सहलीत नकळत त्यांनाच पुढे केलं जातं: तू सांग, तुमच्याकडे याबद्दल काय बोलतात? हे करू नका. ज्याच्या समाजावर आघात झाला त्याच्यावर इतरांना शिकवण्याचं काम लादायचं, हा दुसरा अन्याय. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. तसंच, ज्याला यायचं नाही त्याला कारण न विचारता तेवढ्याच श्रेयांकाचं दुसरं काम द्या, उदाहरणार्थ ग्रंथालयातलं. आणि वर्गात पोलिसाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याला-तिलाही कोणी पिंजऱ्यात उभं करणार नाही याची काळजी घ्या. कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही वर्गात हे दोन्ही असतातच.

रमाबाई नगरच्या पुनर्विकासाचं काम हाती घेण्यात आलं आहे. टॉवर उभे राहतील, गल्ल्या जातील. स्मारक राहील, पण कोणी कुठून पळालं, गोळी कुठून आली, हे जमिनीवर दाखवता येणार नाही. म्हणून आता जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढणं हे नुसतं प्रोजेक्टचं काम राहत नाही, कागदपत्र तयार करणं होतं. साधी चौकटीची वही, पेन्सिल, पावलांनी मोजलेलं अंतर. आयोगापुढच्या वादातला कळीचा मुद्दा टँकरचा होता. जमाव कुठे, टँकर कुठे, पोलीस कुठे हे तुमच्या नकाशावर आणा आणि मग दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यावर ठेवून पाहा.

काही जागांवर दगडसुद्धा नाही. भिवंडी आंबिवलीहून रस्त्याने तासाभरावर. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर तिथे दंगल पेटली, तिचे पडसाद जळगाव आणि महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. शहरात फिरून तुम्हाला यंत्रमाग दिसतील, गोदामं दिसतील, त्या मृतांच्या आठवणीची जागा शोधून द्या म्हटलं तर कोणी बोट दाखवणार नाही. इथे मादन आयोगाचा अहवाल हेच स्मारक समजा. तो वाचून, अहवालातली ठिकाणं आजच्या नकाशावर शोधून काढा. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबद्दलही तसंच. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला आहे, पण त्यांच्या नावांची भिंत शहरात नाही. कोणाच्या मृत्यूला स्तंभ मिळतो आणि कोणाच्या मृत्यूला फक्त सरकारी अहवाल, हा एम.ए.च्या मुलांना द्यायचा विषय आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला भिवंडीत नेऊ नका. वर्गात एकमेकांवर भरवसा बसल्यावर न्या.

आणि ज्यांना लांब जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी अगदी शेजारची जागा. आंबिवलीनंतर कल्याणच्या बाजूचं पहिलं स्टेशन शहाड, त्याला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बरॅकींत ठेवलं गेलं; ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक, कॅम्प दोन हे आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण हे कॅम्प कसले असं विचारत नाही. रक्तपात इथे झाला नाही. त्यातून निसटलेले इथे येऊन राहिले. फाळणी पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. शेजारच्या सिंधी आजोबांशी बोलायला बस लागत नाही, निधीही नाही. मात्र त्यांच्या घरच्यांना आधी विचारा, बैठक तासाभराची ठेवा, आणि ते मधेच गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा.

जगात याबद्दल बराच विचार झाला आहे. पोलंडमधल्या ऑशविट्झ इथे १९४७ पासून संग्रहालय आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नये अशी तिथली शिफारस आहे. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात पूर्वीचे राजकीय कैदीच वाटाडे म्हणून माहिती सांगत आले. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. वयाची अट नाही आणि शिकवलेला वाटाड्याही नाही. त्यामुळे हे काम प्राध्यापकावर येतं, आणि वाटाड्या नसल्यावर भाषणाला ऊत येतो. भाषण जागेवर करू नका. सगळं सांगणं आदल्या दिवशी वर्गात उरका. जागेवर पहिला अर्धा तास कोणीही कोणाशी बोलायचं नाही, फोन पिशवीत. फोटो त्यानंतर, आणि तेही नोंदीसाठी. स्वतःला चौकटीत घेऊन काढलेला फोटो अहवालात चालणार नाही, हे आधीच लिहून कळवा.

पैशांचं म्हणाल तर हुतात्मा चौक आणि घाटकोपर यांना लोकलच्या पासावर जाता येतं. पास नसणाऱ्यांचं तिकीट विभागाने काढावं. चिरनेर आणि सिद्धगड यांनाच गाडीचा खर्च आहे. जेवणाचा डबा घरून. स्मारकाच्या आवारात पंगत मांडू नये, थोडं लांब जाऊन बसावं. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. सिद्धगडच्या वाटेवर ही अडचण येते आणि मुली बोलत नाहीत.

परतल्यावरचं काम सहलीपेक्षा मोठं. त्याच रात्री, गाडीतच जमलं तर गाडीतच, प्रत्येकाने दोन पानं लिहावीत: एका पानावर फक्त जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ते, दुसऱ्यावर जे मनात आलं ते. दोन पानं वेगळी हवीत. आपल्या मुलांना दोन्ही मिसळून लिहायची सवय शाळेपासूनची, निबंधातून लागलेली. ‘हुतात्म्यांच्या स्मृतीने ऊर भरून आला’ हे वाक्य पहिल्या पानावर आलं तर परत करा. स्तंभाची उंची, नावांचा क्रम, पाटीवरची भाषा, पाटी लावणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे की मेलेल्यांचं, हे हवं. आठवड्याने वर्गात चर्चा ठेवा, लगेच नको. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांचं ऐकून एकच बोलतात.

गुण देताना रडण्याला गुण देऊ नका. ज्याला काही वाटलं नाही आणि ज्याने तसं प्रामाणिकपणे लिहून नकाशा मात्र चोख काढला, त्याला पैकीच्या पैकी द्यायला हरकत नाही. परीक्षा तीनच गोष्टींची: दोन्ही बाजूंचे कागद वाचले का, जागेवर जे पाहिलं ते त्या कागदांशी ताडून पाहिलं का, आणि न जुळलेलं न जुळलेलं म्हणून नोंदवलं का. मूल मराठीत लिहीत असेल तर मराठीतच लिहू द्या. साक्ष ज्या भाषेत ऐकली त्या भाषेत ती अधिक नेमकी उतरते.

शेवटचं काम बहुतेक कॉलेजं करत नाहीत. अहवाल विभागाच्या कपाटात जातो आणि तपासणी समिती आली की बाहेर निघतो. ज्यांनी तुम्हाला वेळ दिला त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. पुढच्या सत्रात तुम्ही जाणार असाल तर अहवालाच्या दोन प्रती जास्तीच्या काढा. एक तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा वस्तीतल्या वाचनालयात नेऊन द्या, चुका दाखवायला सांगा, आणि त्या दुरुस्त करूनच मग विभागाकडे सादर करा.